जोडलं जातं, पण जुळत नाही : १९६७ च्या एका शेव्हेलची थरथर

गाडी १९६७ ची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू, दोन दरवाजांची. मुक्काम मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. मालक मोटारींच्याच धंद्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ. आमच्याकडे सगळे त्यांना काकाच म्हणतात, मीही म्हणते. तक्रार एका ओळीची होती: इंजिन आणि गिअरबॉक्स बदलल्यापासून गाडी थरथरते. ज्या गॅरेजने काम केलं त्यांनी टायर बॅलन्स करून दिले, इंजिनची माउंटिंगं नवी टाकली आणि शेवटी ‘जुन्या गाड्या अशाच असतात’ असं सांगून हात झटकले. गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजणं हा माझा नोकरीतला रोजचा उद्योग, म्हणून काकांनी मला बोलावलं.

आधी काय होतं आणि काय आलं ते सांगते. मूळ गाडीत २८३ घनइंचाचं, म्हणजे ४.६ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. त्याला दोनच गिअरची पॉवरग्लाइड ही ऑटोमॅटिक, आणि मागे ३.०८ रेशोचं डिफरन्शिअल, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ३.०८ फेरे झाले की चाकाचा एक. वूडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते तेव्हा संथ चालायला ही जोडी उत्तम. पण हायवेवर ताशी ६५-७० मैलांना इंजिन २,६०० ते २,८०० आरपीएमला कोकलत राहतं, वर गिअरच नाही. काकांना एक ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाला संथ फिरू देणारा वरचा गिअर) हवा होता, आणि इंजिन काढायचंच आहे तर थोडं मोठं बसवू, असा विचार झाला. त्यांनी भंगारवाड्यातून १९८९ च्या पिकअपचं ३५० घनइंचाचं (५.७ लिटर) इंजिन आणलं. गिअरबॉक्स आला १९८७ च्या एका कॅमारोतून: जनरल मोटर्सचा ७००आर४, चार गिअरचा, चौथा ०.७० चा ओव्हरड्राइव्ह.

कागदावर ही निवड चांगलीच होती, आजही मी तीच करीन. शेव्हर्लेचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ हे १९५५ पासूनचं एकच घराणं आहे. २८३ काय आणि ३५० काय, चेसिसवरची माउंटिंगं त्याच जागी येतात, गिअरबॉक्स जोडायची बोल्टची नक्षी तीच. ७००आर४ सुद्धा त्याच नक्षीचा. फक्त व्ही-६ कॅमारोतला नाही ना एवढं पाहावं लागतं, कारण त्याची बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला टेकणारं रुंद तोंड) वेगळी असते आणि ती गिअरबॉक्सच्या कवचातच ओतलेली असते. काकांचा व्ही-८ वालाच होता. पॉवरग्लाइडच्या शेपटीतल्या शाफ्टला २७ दाते आणि ७००आर४ च्याही २७, त्यामुळे जुन्या प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंतचा लांब शाफ्ट) पुढचा स्लिप योक, म्हणजे मागेपुढे सरकणारं टोक, नव्या गिअरबॉक्सात लोण्यासारखा सरकतो.

घोटाळा इथेच आहे. या घराण्यात जवळपास काहीही कशालाही जोडलं जातं. जोडलं गेलं म्हणजे जुळलं, असं गॅरेजवाल्यांनी धरलं.

आधी गाडी उभी ठेवून

काकांनी सांगितलेलं वर्णन एकच होतं, ‘थरथरते’. पण थरथर एकच आहे की दोन, हे आधी ठरवायला हवं. गाडीत फिरणाऱ्या वस्तूंचे तीन गट असतात. इंजिनसोबत फिरतात ते क्रँकशाफ्ट, पुढचा डँपर, फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी बसणारी पातळ दातेरी तबकडी) आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ओढ तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा). गिअरबॉक्सच्या मागे फिरतात प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांचे क्रॉस (कोनातही फिरू शकणारे सांधे) आणि पिनियन (डिफरन्शिअलला फिरवणारा छोटा गिअर). तिसरा गट चाकांचा. प्रत्येक गटाचा वेग वेगळा, म्हणून प्रत्येकाच्या कंपनाचा सूरही वेगळा.

ड्राइव्हवेत गाडी न्यूट्रलला ठेवून मी हळूहळू रेस वाढवली. १,५०० पर्यंत ठीक. २,००० च्या पुढे आरशातलं मागचं घर पुसट व्हायला लागलं आणि २,२०० ला स्टिअरिंगवर ठेवलेली बोटं बधिर होतील इतकी थरथर. चाकं उभी, प्रोपेलर शाफ्ट उभा. म्हणजे टायरवर केलेला सगळा खर्च कशासाठी होता, देव जाणे.

सीटच्या रुळाला चिकटवलेल्या सेन्सरवर ३७ हर्ट्झला सुळका दिसला. २,२०० ला ६० ने भागलं की ३६.७ येतात, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्याला एक धक्का. व्ही-८ मध्ये एका फेऱ्यात चार वेळा जळण होतं, त्यामुळे इंजिनचा स्वाभाविक सूर फेऱ्याच्या चौपट असतो. एकपट सूर मोठा दिसला की समजावं, क्रँकबरोबर फिरणारं काहीतरी एका बाजूला जड आहे.

(जाता जाता: फोनवरची कंपन मोजायची ॲप बरीच आहेत, पण पुष्कळ फोनांतला सेन्सर सेकंदाला शंभरच नोंदी घेतो. तसं असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसत नाही. या थरथरीला तो फोन चालला असता, पुढे सापडलेल्या दुसरीला नसता.)

मग रस्त्यावर. ६५ मैलांच्या वेगाला दुसरीच गोष्ट ऐकू आली. पायाखालच्या पत्र्यातून येणारी, दातांत जाणवणारी घरघर. वेग तोच ठेवून लिव्हर ओव्हरड्राइव्हमधून तिसऱ्या गिअरला आणला. इंजिन १,८०० वरून २,६०० आरपीएमला गेलं, घरघर मात्र जागची हलली नाही. इंजिनाचा वेग बदलून जी बदलत नाही ती इंजिनाची नव्हे. मोजली तर ८६ हर्ट्झ.

“काका, तुमच्याकडे दोन दुखणी आहेत, एक नाही,” मी म्हटलं.

“अगं, पैसे मात्र मी एकाच कामाचे दिलेत,” काका.

पहिलं दुखणं : वजन नसलेली तबकडी

कन्व्हर्टर की फ्लेक्सप्लेट, हे गिअरबॉक्स न काढता कळतं. खालचं झाकण काढून कन्व्हर्टरचे तीन बोल्ट सोडायचे, कन्व्हर्टर पूर्ण मागे गिअरबॉक्सात ढकलायचा आणि इंजिन जरा वेळ चालवायचं. थरथर तशीच राहिली. म्हणजे कन्व्हर्टर निर्दोष. पुढचा डँपर ३५० चाच होता आणि पिकअपसोबतच आलेला. उरली फ्लेक्सप्लेट.

इथे थोडा इतिहास लागतो. जुन्या ३५० मध्ये क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील दोन तुकड्यांचं असायचं. तिथल्या फ्लँजचा आकार एका बाजूला फुगीर ठेवून तोलासाठी लागणारं वजन त्या फ्लँजमध्येच घातलेलं असे; फ्लेक्सप्लेट तटस्थ, सगळीकडून सारखी. १९८६ च्या सुमारास जनरल मोटर्सने एकसंध गोल सील आणलं. गोल सील बसायचं तर फ्लँजही गोल हवी. मग ते जास्तीचं वजन गेलं कुठे? फ्लेक्सप्लेटवर. त्या काळानंतरच्या कारखान्याच्या फ्लेक्सप्लेटला एका बाजूला पत्र्याचा तुकडा जोडलेला दिसतो, तो याचसाठी.

बोल्टच्या वर्तुळाचा व्यासही बदलला. जुन्यात ३.५८ इंच, नव्यात ३ इंच, बोल्ट दोन्हीत सहाच. त्यामुळे २८३ ची तबकडी चुकून या इंजिनला लागूच शकत नाही, आणि गॅरेजने तसा प्रयत्नही केला नव्हता. भंगारवाड्याने इंजिन देताना फ्लेक्सप्लेट काढून घेतली होती, म्हणून त्यांनी एका पार्टवाल्याकडून नवी मागवली: ‘१९८६ नंतरचं ३५०, १६८ दाते’. आली तीही ३ इंची वर्तुळाची, १६८ दात्यांची, नवीकोरी. बसली. पण ती तटस्थ होती. ज्यांनी क्रँक आतल्या आत तोलून घेतलेला असतो अशा बांधीव इंजिनांसाठी तशी तबकडी बनते. फोनवर हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलाही नाही.

गिअरबॉक्स उतरवल्यावर काका त्या तबकडीकडे बराच वेळ पाहत बसले. सगळीकडून सारखी गुळगुळीत. “दिसायला चांगली आहे की,” म्हणाले. नवी, वजनाची तबकडी शेजारी ठेवली तर फरक हाताएवढा.

गिअरबॉक्स खाली आलाच होता, तर त्याच्या आसपासचं सगळं तपासून घेतलं. कुठलंही इंजिन बदलताना हे आधीच करायचं असतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

७००आर४ १९८२ मध्ये आला तेव्हा त्याच्या इनपुट शाफ्टला २७ दाते होते. १९८५ पासून ३० झाले. कन्व्हर्टर त्याप्रमाणेच हवा. इथे गिअरबॉक्स १९८७ चा, कन्व्हर्टर ३० चा, जुळत होतं.

१६८ दात्यांची तबकडी साधारण १४ इंच व्यासाची असते, १५३ वाली पावणेतेरा. स्टार्टरचं नाक त्याप्रमाणे वेगळं. १६८ साठी स्टार्टरचे दोन बोल्ट तिरके, मागेपुढे असतात. १५३ साठी सरळ रेषेत. काकांच्या गॅरेजने २८३ चाच जुना स्टार्टर लावला होता. त्याचे बोल्ट तिरकेच निघाले, कारण मूळ गाडीतही १६८ वालीच तबकडी होती. नशीब. स्टार्टरचं पिनियन आणि तबकडीचे दाते यांमधली फट पाहिली, शिम (फट जुळवायची पातळ पत्री) लागला नाही.

बेलहाउसिंग ब्लॉकला बरोबर मध्यावर बसवणाऱ्या दोन डॉवेल पिना असतात. भंगारातल्या इंजिनांत त्या हमखास गायब असतात. इथे एक होती, एक नव्हती. एका पिनेवर गिअरबॉक्स बसतो, बोल्टही घट्ट होतात, आणि मध्य केसभर सरकलेला राहून पुढच्या पंपाची बुश खायला सुरुवात होते. नवी पिन ठोकली.

शेवटी कन्व्हर्टरची फट. गिअरबॉक्स ब्लॉकला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढायला १/८ ते ३/१६ इंच अंतर उरलं पाहिजे. कमी असेल तर पंपावर दाब येतो. जास्त असेल तर कन्व्हर्टर पंपात पुरेसा शिरत नाही. आणि बेलहाउसिंग टेकत नसेल तर बोल्ट आवळून ती ओढायची नाही. पंपाचे कान तुटतात, आणि ते कळतं पहिल्यांदा गाडी गिअरमध्ये टाकल्यावर.

गाडी पुन्हा जोडली, न्यूट्रलला २,२०० आरपीएम. आरशात मागच्या घराच्या खिडक्या मोजता येत होत्या.

दुसरं दुखणं : शाफ्टची लांबी आणि कोन

८६ हर्ट्झचं गणित असं. काकांच्या टायरचा व्यास २६ इंच. ताशी ६५ मैलांना चाक मिनिटाला सुमारे ८४० फेरे घेतं. ३.०८ ने गुणलं की प्रोपेलर शाफ्टचे २,५९० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ४३ फेरे. सेन्सरवर ४३ ला जेमतेम टेकडी होती आणि तिच्या दुप्पट, ८६ ला डोंगर. शाफ्ट एका बाजूला जड असेल तर धक्का फेऱ्याला एकदा बसतो, ४३ ला. फेऱ्याला दोनदा बसणारा धक्का क्रॉसचा असतो. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा शाफ्टला पुढे ढकलतो आणि दोनदा मागे खेचतो. मागचा क्रॉस पुढच्याच्या नेमका उलट वागला तरच हा हिशेब मिटतो. त्यासाठी दोन अटी आहेत: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत हवेत, आणि दोन्ही क्रॉसचे कोन जवळपास सारखे हवेत.

कान एका रेषेत होते. मग डिजिटल कोनमापक घेऊन गाडीखाली सरकले, पण गाडी लिफ्टवर लोंबकळत ठेवून नव्हे. चारही चाकं रॅम्पवर, मागच्या सीटवर काका बसलेले, टाकी अर्धी. शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंगा आणि चार कंट्रोल आर्म असतात. चाकं लोंबली की मागच्या ॲक्सलचं हाउसिंग फिरतं, आणि त्या स्थितीत मोजलेला प्रत्येक आकडा खोटा.

गिअरबॉक्सची शेपूट मागे खाली झुकलेली ४.५ अंश. शाफ्ट मागे खाली १ अंश. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन ३.५. पिनियनचं नाक वर २ अंश, म्हणजे मागच्याचा कोन १. फरक अडीच अंशांचा. एक अंशाच्या आत असायला हवा, आणि प्रत्येक कोन शक्यतो तीनच्या आत. (शून्यही नको. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया थोड्या फिरत राहिल्या नाहीत तर एकाच जागी खड्डा पाडतात.)

शेपूट इतकी खाली का गेली? ७००आर४ पॉवरग्लाइडपेक्षा लांब आहे. पॉवरग्लाइड २७.५६ इंच, ७००आर४ ३०.७५. मागच्या माउंटिंगची जागा बेलहाउसिंगच्या तोंडापासून पॉवरग्लाइडमध्ये २०.५६ इंचांवर आणि ७००आर४ मध्ये २२.५ वर येते. म्हणून खालचा आडवा क्रॉसमेंबर जवळपास दोन इंच मागे न्यावा लागतो. गॅरेजने तो मागे नेला, चेसिसला नवी भोकं पाडली, पण भोकं पाडताना तो किती उंचीवर बसतोय हे कुणी पाहिलं नाही. साठच्या दशकातली टीएच३५० ऑटोमॅटिक घेतली असती तर हा प्रश्न जवळपास आलाच नसता, ती २७.६९ इंचांची, माउंटिंग २०.३८ वर, पॉवरग्लाइडच्या जागी अलगद बसते. पण तिला ओव्हरड्राइव्ह नाही, आणि काकांना तोच हवा होता.

लांबीचीही गडबड निघाली. गिअरबॉक्स ३.२ इंचांनी लांबला म्हणजे शाफ्ट तेवढाच आखूड करायला हवा. गॅरेजने गाडी लिफ्टवर चढवून, हाउसिंग लोंबत असताना माप घेतलं आणि पावणेतीन इंचच कापला. त्यामुळे गाडी चाकांवर उभी असताना स्लिप योक गिअरबॉक्सात इतका आत शिरला होता की तळाला टेकायला पाव इंचच शिल्लक. पाऊण ते एक इंच ठेवायचं असतं. मिशिगनमध्ये बर्फ वितळल्यावर रस्त्यांना जे खड्डे पडतात त्यातला एखादा पुरेसा होता. योक आतून आउटपुट शाफ्टवर आदळला असता आणि धक्का थेट गिअरबॉक्सला.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी शेपटीची उंची, मग पिनियनचा कोन, आणि सगळ्यात शेवटी शाफ्टची लांबी. उलटं केलं की शाफ्ट दोनदा कापावा लागतो.

माउंटिंग आणि क्रॉसमेंबरच्या मध्ये ३/८ इंचाची पट्टी घातली. शेपूट वर आली, झुकाव ४ अंश झाला. पिनियनचं नाक आणखी वर करायला मागचे वरचे दोन कंट्रोल आर्म आटे असलेले, लांबी बदलता येणारे लावले आणि थोडे लांब केले. हाउसिंगचा माथा मागे गेला की नाक वर येतं. नाक ३.५ अंशांवर आणलं. हे होताना शाफ्टचा स्वतःचा झुकावही सरकतो, म्हणून पुन्हा मोजला: १.१. आता पुढचा कोन २.९, मागचा २.४. अर्ध्या अंशाचा फरक मुद्दाम ठेवला. ॲक्सिलरेटर दाबला की रबरी बुशांमुळे पिनियनचं नाक थोडं वर उचललं जातं, तेवढी जागा सोडायची.

क्रॉस बदलताना मापं घेऊनच मागवले. अमेरिकन क्रॉसच्या मालिका दिसायला सख्ख्या बहिणी असतात: १३१० मध्ये टोपीचा व्यास १.०६२ इंच आणि आरपार रुंदी ३.२१९, १३३० मध्ये टोपी तीच, रुंदी ३.६२५, १३५० मध्ये रुंदी ३.६२५ पण टोपी १.१८८. पुढचा योक एका मालिकेचा आणि पिनियनचा दुसऱ्या, असं निघालं तर मिश्र क्रॉस मिळतो. व्हर्नियर न लावता ‘शेव्हेलचा द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार काहीतरी देतोच.

शाफ्टचं काम करणाऱ्या वर्कशॉपने उरलेला अर्धा इंच कापला, वेल्ड केला, बॅलन्स करून दिला. ६५ मैलांना ८६ हर्ट्झचा डोंगर रस्त्याच्या आवाजात बुडून गेला.

मागचा रेशो बदलायचा नाही, यावर झालेली वादावादी

गॅरेजचं आणि काकांच्या बऱ्याच मित्रांचं मत पक्कं होतं: ओव्हरड्राइव्ह टाकला की मागे ३.७३ घालायलाच हवा, नाहीतर इंजिन ओढणार नाही. ३.७३ चा हा सल्ला मुळात टीएच३५० च्या काळातला आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. पण आकडे पाहा.

पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.८२. मागच्या ३.०८ बरोबर गुणाकार ५.६१. एवढ्यावर ही गाडी इतकी वर्षं सिग्नलवरून सुटत होती. ७००आर४ चा पहिला ३.०६, त्याच मागच्या रेशोबरोबर ९.४२. म्हणजे सुरुवातीची ओढ दीडपटीहून जास्त, तीही मोठ्या इंजिनाआधीच. आता टीएच३५० चा पहिला २.५२ घेऊन ३.७३ ने गुणा: ९.४०. मित्रमंडळी ज्या ओढीसाठी नवं क्राऊन-पिनियन घ्यायला सांगत होती, ती काकांच्या गाडीत आधीच येऊन बसली होती.

उलट ३.७३ घातला असता तर ६५ मैलांना प्रोपेलर शाफ्ट २,५९० ऐवजी ३,१३० आरपीएमला फिरला असता. ओव्हरड्राइव्हमध्ये इंजिन शांत असतं पण शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरत असतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. शाफ्टचा वेग गिअरबॉक्स ठरवत नाही, टायर आणि मागचा रेशो ठरवतात. आधीच कोनांचं दुखणं असलेल्या गाडीत त्या शाफ्टला आणखी पळवण्यात मला शहाणपण दिसलं नाही. शिवाय या जुन्या १०-बोल्ट हाउसिंगात मोठ्या आकड्याच्या रेशोला आतला कॅरिअरही (मोठा गिअर ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो, आणि नव्या गिअरबॉक्समुळे पिनियनवर येणारा जोर वाढलेलाच आहे.

“मग सगळे ३.७३ का म्हणतात?” काकांनी विचारलं.

“सगळ्यांच्या गाडीत पॉवरग्लाइडनंतर टीएच३५० आला होता, काका.”

रेशो तोच राहिला. मी मात्र मागचं चाक हाताने फिरवून शाफ्टचे फेरे मोजून घेतले. साठ वर्षांच्या गाडीत कागदावर लिहिलेला रेशो आणि आतला रेशो एकच असेल याची हमी नसते.

बाकीचं, थोडक्यात

टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल. ७००आर४ मध्ये कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत येणारी ही केबल पुष्कळ लोक किकडाउनची (पाय दाबला की खालचा गिअर आणणारी) समजतात. ती आतला तेलाचा दाब ठरवते. चुकीच्या लांबीने किंवा चुकीच्या लिव्हरला लावली की दाब कमी राहतो, गाडी गोड चालते आणि काही महिन्यांत तिसऱ्या-चौथ्या गिअरचे क्लच जळतात. काकांना कार्ब्युरेटरच हवा होता, पिकअपचं इंजेक्शन नको. म्हणून १९८० च्या दशकातल्या ७००आर४ वाल्याच गाडीतला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर शोधला. त्याच्या लिव्हरची भूमिती या केबलसाठीच बनलेली असते. पाय पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणली जाते का पाहिलं आणि दाबाचा गेज लावून खात्री केली. त्याच्याखालचा, हवा-इंधन सिलिंडरांकडे नेणारा मॅनिफोल्ड मात्र १९८७ ते १९९५ च्या हेडचा घ्यावा लागला, कारण त्या हेडवर मधल्या बोल्टांचा कोन वेगळा आहे. इंधनाचा पंप विजेचा. त्या ब्लॉकवर जुन्या पंपाचं भोक पाडलेलंच नव्हतं.

स्पीडोमीटर. जनरल मोटर्सच्या केबलला मैलाला सुमारे १,००० फेरे लागतात. गिअरबॉक्सातल्या चालक गिअरला १७ दाते, टायर मैलाला ७७५ फेरे, मागे ३.०८: १७ गुणिले ३.०८ गुणिले ७७५, भागिले १,०००, उत्तर ४०.६. म्हणून ४१ दात्यांचा प्लॅस्टिक गिअर.

पुण्या-मुंबईत अँबेसिडर, कॉन्टेसा किंवा पद्मिनीत असंच काही करायचं मनात असलेल्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. मापांचं तंत्र तेच आहे, आकडे तुमच्या गाडीचे. पण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत; इंजिन बदलायचं तर आरटीओची वाट आधी धरावी, पाना नंतर.

शेवटचं काम लॉक-अपचं. ७००आर४ च्या कन्व्हर्टरमध्ये एक क्लच असतो. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स घसरण न होता एकत्र फिरतात. गॅरेजने त्याची तार जोडलीच नव्हती, त्यामुळे ओव्हरड्राइव्हमध्ये कन्व्हर्टर सतत घसरत तेल तापवत होता. व्हॅक्यूम स्विच लावून तो सुरू केला. नंतरच्या आठवड्यात काकांचा फोन आला.

“अगं, ती घरघर परत आलीये. पंचेचाळीसच्या आसपास.”

जाऊन मोजली: ८४ हर्ट्झ. आकडा पाहून कुणालाही वाटेल की क्रॉसच. लिव्हर तिसऱ्याला आणला आणि घरघर गेली. वेग तोच असताना गेली, म्हणजे शाफ्टची नाही. ४५ मैलांना ओव्हरड्राइव्हमध्ये लॉक-अप लागल्यावर इंजिन जेमतेम १,२५० आरपीएमला फिरतं. त्याचा चौपट सूर ८४ हर्ट्झ येतो. व्ही-८ ओझ्याखाली कण्हत होतं. व्हॅक्यूम स्विचच्या जोडीला वेगावर चालणारा स्विच टाकला आणि ५५ मैलांच्या खाली लॉक-अप लागणार नाही असं बांधून दिलं. ५५ ला इंजिन १,५०० च्या वर असतं आणि तिथून पुढे ते तक्रार करत नाही.